तोंडासमोर येऊन बोला

"दोघींची परीक्षा मीच देणार," थोरली म्हणाली. "आधी माझ्या नावावर. मग डोक्याला तुझा रुमाल बांधून तुझ्या नावावर. त्या डॉक्टरला आपली तोंडं कुठे ठाऊक आहेत?"

धाकटी नुसती बघत राहिली.

"कळलं का?" थोरलीने तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि ओठ मोठे हलवत पुन्हा विचारलं.

"कळलं. पण नको, ताई. पकडली गेलीस तर दोघींच्या पोटावर पाय येईल."

कापडाच्या कारखान्याच्या आवारात बायकांची रांग लागली होती. मागच्या महिन्यात एका बाईला धोक्याची घंटा ऐकू आली नाही आणि तिचा हात मागात गेला. मालकाने धसका घेतला. बाहेरून डॉक्टर बोलावला, कान तपासायचं यंत्र मागवलं. ज्या बाईला ऐकू येणार नाही, तिने उद्यापासून यायचं नाही. आणि बहिरी म्हणून काढलेल्या बाईला दुसरा कुठलाही कारखाना दारात उभं करत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

आई गेली तेव्हा थोरली बारा वर्षांची होती, धाकटी सहाची. थोरलीने तिला न्हाऊमाखू घातलं, उवा काढल्या, धपाटेही घातले. वयात आल्यावर आपल्याच शेजारच्या मागावर उभं केलं. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. तिथे बायका ओठ बघूनच बोलतात. थोरलीला त्यात इतकी गती होती, की लांबच्या मागावरची चहाडीसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

तीन वर्षांपूर्वी धाकटी एका सकाळी उठून म्हणाली, "ताई, मला ऐकू येईनासं झालंय. सगळ्यांना सांग, माझ्याशी मोठ्याने बोला, समोर येऊन बोला."

थोरलीच्या पायाखालची जमीन सरकली. पण तिने पदर खोचला आणि घरमालकापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना बजावलं. दोघी कायम बरोबर असायच्या, त्यामुळे लोक दोघींशीही ओरडूनच बोलायला लागले. धाकटीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाची आई म्हणाली, "बहिरी सून आणून या वयात मी खाणाखुणा शिकू का?" बायका धाकटीला बहिरंभट म्हणायच्या. धाकटी हसायची. दारावर कुणी आलं की मात्र आधी तीच उठायची. "जमिनीतून कळतं तिला," थोरली कौतुकाने सांगायची.

रांग पुढे सरकली. धाकटीने थोरलीचा दंड धरला.

"त्यापेक्षा मी जाते तुझ्या जागी. दोन्ही वेळा मीच जाते."

थोरलीला हसू आलं. "वा गं शहाणे! आंधळ्याने वाट दाखवायची आणि डोळसाने मागून चालायचं?"

"ताई, ऐक माझं. मला ऐकू येतं."

"येतं गं बाई, येतं."

"खरंच येतं. शपथ!"

भीतीने पोरगी काहीही बरळतेय, असं थोरलीला वाटलं. तिचा भ्रम आत्ताच मोडलेला बरा. ती पाठ फिरवून उभी राहिली आणि हळूच पुटपुटली, "आई तुला काय म्हणून हाक मारायची?"

मग थांबली. मागून काही उत्तर आलं नाही. तिने आणखी थोडी वाट बघितली आणि वळली. धाकटीचे ओठ अर्धवट उघडे होते, डोळे भरले होते. रांगेतली मागची बाई चमकून तिच्याकडे बघत होती. लोकांना दुसऱ्याचं व्यंग बघायला फार आवडतं.

"बघितलंस?" थोरलीने तिचे डोळे पुसले. "मी आहे ना. कशाला घाबरतेस?"

"ताई, जाऊ नकोस. आपण दोघी हे गावच सोडू. भांडी घासू, काहीही करू."

"पुढची!" मुकादमीण दारातून हात हलवत ओरडली.

थोरलीने हात सोडवून घेतला आणि आत गेली.

खोली लहान होती, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या होत्या. डॉक्टर पोरगेलासाच होता. त्याने तिच्या कानांवर यंत्र बसवलं आणि मोठ्याने, नीट समजावलं, "बारीकसा आवाज आला तरी हात वर करायचा."

ती ताठ बसली. नेमकं काय करायचं ते लक्षात ठेवायला हवं होतं. पुन्हा यायचं होतं. डॉक्टर एक बटण दाबे, एक चकती फिरवे, तिच्याकडे बघे. पुन्हा चकती फिरवे. यंत्र जुळवतोय वाटतं. तिने समजूतदारपणे मान डोलावली. लाव बाबा एकदाचं, ती मनात म्हणाली. हात मांडीवर तयारच होता.

बऱ्याच वेळाने त्याने यंत्र तिच्या कानांवरून काढून घेतलं.

"का हो? बिघडलं का?" तिने विचारलं.

दार उघडून तो तिच्याकडे पाठ करून कुणाशी तरी बोलला. धाकटी आत आली. थोरली ताडकन उठली. सगळा बेत फसला होता.

"साहेब, तिची पाळी नाही अजून! माझंच व्हायचंय, तुम्ही सुरूच कुठे केलंत?"

धाकटीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम पाठ फिरवून ती डॉक्टरसमोर उभी राहिली. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. पण डॉक्टरच्या मागे काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत धाकटीचा चेहरा स्पष्ट दिसत होता. थोरलीने सवयीने तिच्या ओठांकडे बघितलं.

"तिला सांगू नका, साहेब," धाकटी म्हणत होती. "लोकांनी तिच्याशी मोठ्याने बोलावं म्हणून तीन वर्षं मी बहिरी झालेय."