जिन्यातलं स्टूल

लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या नशिबी बिनलिफ्टच्या इमारतीतला चौथा मजला होता. त्यात पन्नाशीत बाप झालेला. लेकीला कडेवर घेऊन चढताना त्याला अशी धाप लागायची, की तो दुसऱ्या मजल्यावर पोचल्याचं तिला घरबसल्या कळायचं. शेवटी तिथे तिने एक स्टूल नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी दटावल्यापासून तो रोज पहाटे मुकाट्याने चालायला जात होता. आज लेकीची हाक फाटकातून ऐकू आली, पण जिन्यातली धाप काही ऐकू येईना. गॅस बंद करून ती अनवाणीच धावली. दार उघडलं तर समोर तोच, कडेवर लेक, हातात स्टूल. “जिन्यात उगाच अडगळ,” तो सहज म्हणाला. त्याने ते टेकवताच ती मटकन त्यावर बसली. “थांबा जरा,” ती म्हणाली, “आता मला धाप लागलीय.”