तीन पाणी

ते साल एकोणीसशे नव्वद. सकाळी प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीतून ताई ओली फिल्म हातात धरून जवळजवळ पळतच बाहेर आली. फिल्मवर काळे ठिपके होते.

त्या ठिपक्यांसाठी तिने वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं होतं. आजारात पेशी एकमेकींना निरोप धाडतात. पांढऱ्या पेशीवरचा जो रिसेप्टर तो निरोप झेलतो, त्याचं जनुक तिला वेगळं काढायचं होतं. नाना जनुकं परक्या पेशींत घालायची, वरून किरणोत्सारी निरोप ओतायचा आणि धुवायचं. ज्या पेशीला तो चिकटून राहील, ती फिल्मवर काळी उमटेल.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी फिल्म खिडकीशी धरली. "किती पाण्यांनी धुतलंत?"

"एकाच."

"आणि तीन पाण्यांची फिल्म?"

ताईने खाली बघितलं. "कोरी."

तीन पाणी हा सरांचा दंडक होता. "मग ही धूळ आहे, ताई. खऱ्या रिसेप्टरची पकड घोरपडीसारखी असते."

"पण सर, दर वेळी त्याच एका नळीतल्या जनुकांनी ठिपके येतात. धूळ काय पत्ता विचारत येते?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. "तुमच्या शिष्यवृत्तीची मुदत महिनाअखेर संपतेय. मुदतवाढ मागायला मी ही सैल पकड घेऊन जाऊ? टाकून द्या ती नळी."

ताईने नळी टाकली नाही. शीतपेटीच्या तळाशी सरकवली. संध्याकाळी घरी नवऱ्याने विचारलं, "सापडलं का गं?"

"सापडलं होतं," ती म्हणाली. "धुऊन काढलं."

मुदतवाढ मिळाली नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तो रिसेप्टर जाहीर केला. त्याचे दोन भाग निघाले. एकटा पहिला भाग निरोप सैलच धरतो. दुसरा जोडीला आला की मिठी घट्ट होते. शीतपेटीच्या तळाशी राहिलेली नळी सापडली, तेव्हा सरांनी तिच्यातली जनुकं वाचून घेतली. त्यांतलं एक पहिल्या भागाचंच होतं, अक्षरन् अक्षर.

सर मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, एका हाताने टाळी वाजत नाही. ताईचं नाव काही त्यांनी घेतलं नाही.

ताई शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली. तिथे एखादी मुलगी काचपट्टी घेऊन नळाकडे निघाली, की ताई वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायची, "थांब गं! आधी बघ तरी."