पाठ टेकायला

सकाळी सात वाजता बायका शिलाईच्या दालनात शिरल्या आणि दारातच थबकल्या. चाळीस मशीनींच्या मागे चाळीस खुर्च्या होत्या. पांढऱ्या कापडाने मढवलेल्या, मागे सोनेरी फितीची भली मोठी फुलं बांधलेल्या.

"लग्न कुणाचं गं?" रात्काने विचारलं. श्टिप गावातल्या या कारखान्यात ती एकतीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवत होती, तेही बिनपाठीच्या लाकडी स्टुलावर बसून.

"कुणाचं नाही," मालक गोंचो टाळ्या वाजवत पुढे आला. "अकरा वाजता राजधानीतून, स्कोप्येहून मंत्रालयातल्या बाई येतायत. दर्जेदार रोजगाराची पाहणी आहे. स्टुलं बॉयलरच्या खोलीत टाकलीयत. फितींना हात लावायचा नाही, माल भाड्याचा आहे. आणि बाईंनी विचारलं, चांगली नोकरी म्हणजे काय, तर सांगायचं: प्रशिक्षण, सुरक्षितता, प्रगती. पाठ करा."

रात्का बसली. आधी कडेला, सवयीने. मग हळूच मागे सरकली आणि तिची पाठ टेकली. तिने डोळे मिटून घेतले. शेजारच्या झोरिकाला वाटलं, भोवळ आली.

"मावशी, बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय," रात्का म्हणाली. "म्हणूनच तर घाबरलेय."

अकराच्या बाई पावणेबाराला आल्या. हातात कागद, मागे गोंचो. झोरिकाने डोळे मिटून एका दमात "प्रशिक्षणसुरक्षितताप्रगती" म्हणून टाकलं. बाईंनी लिहून घेतलं आणि त्या रात्कापाशी थांबल्या.

"तुम्ही सांगा काकू. चांगली नोकरी म्हणजे काय?"

"पाठ," रात्का म्हणाली.

"पाठ आहे तिचं! सगळं पाठ आहे!" गोंचो मध्येच बोलला. "सांग की गं. प्रशि... प्रशि..."

"पाठ टेकायला मिळणं," रात्का म्हणाली. "बाकीचं मागाहून."

बाईंनी खुर्च्यांकडे पाहिलं. 'आसनव्यवस्था' या शब्दापुढे त्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलं आणि मंत्रालयात आमच्यासुद्धा अशा नाहीत हो, असं म्हणाल्या. मग गोंचोने मागवलेली गरम पास्त्रमाइलिया, म्हणजे मांस घालून भाजलेली रोटी खाऊन, मांसाचे तुकडे फारच मऊ होते असं सांगून त्या निघून गेल्या.

तीन वाजता मंगल कार्यालयाचा ल्युपचो खुर्च्या न्यायला गाडी घेऊन आला. संध्याकाळी त्याच्याकडे एक साखरपुडा होता.

"चला, उठा," गोंचो म्हणाला.

कुणी उठेना. मशीनी मात्र खडखडत होत्या.

"रात्का, ऊठ म्हणतोय!"

"कॉलर चाललीय, मालक."

"मग ती झाल्यावर ऊठ."

"ती झाली की दुसरी आहे. सहाला जर्मनीचा ट्रक येणार ना? काम थांबवू म्हणता? तसं सांगा, थांबवते."

गोंचोने घड्याळ पाहिलं. संप असता तर त्याने आरडाओरडा केला असता. पण या बाया काम करत होत्या, रोजच्यापेक्षा जास्तच करत होत्या. मान वर न करता काम करणाऱ्या बाईला काय म्हणून दटावायचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने ल्युपचोला पुढे ढकललं. "तुझी सासू आहे. तूच बघ."

ल्युपचो टोपी हातात घेऊन रांगेतून आला. "आई, पाहुणे सातला येतील हो. त्यांना बसवू कुठे?"

"जावईबापू," रात्काने पायडलवरचा पाय न काढता विचारलं, "तुमच्या लग्नात मी कुठे बसले होते?"

ल्युपचोने आठवून पाहिलं. "तुम्ही... तुम्ही बसलाच नव्हता. पाहुण्यांना सर्मा वाढत होता."

"मग आज बसते."

चाळीस जणी हसल्या. ल्युपचोही हसला, मग गाडीकडे बघून त्याने डोकं खाजवलं. शेवटी तो बॉयलरच्या खोलीत गेला. पाव तासाने त्याची गाडी लाकडी स्टुलं घेऊन फाटकाबाहेर पडली.

ट्रक सहाला भरून गेला. दहा वर्षांत पहिल्यांदाच वेळेवर.

त्या साखरपुड्याला गोंचो मानाचा पाहुणा होता. मुलीच्या बापाने त्याला अगदी पुढच्या स्टुलावर बसवलं. राकियाचे पेले आले, भाषणं झाली, पुन्हा पेले आले. तीन तास. नाच सुरू झाल्यावर सगळ्यांत आधी तोच उठला. एवढा हौशी माणूस आम्हाला ठाऊकच नव्हता, असं लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक हात कमरेवर ठेवून दालनात आला. फाटकात ल्युपचोची गाडी पुन्हा उभी होती. गोंचोने दारातूनच हात हलवला. "राहू देत रे! विकत देणार असशील तर बोल."

मशीनी क्षणभर थांबल्या. फितीची फुलं तेवढी झोरिकाने भराभरा सोडली आणि केसांत माळली. मग तिचं बघून इतरांनीही. गोंचोने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि रात्काच्या मशीनजवळून तो सावकाश पुढे जाऊ लागला.

"मालक," रात्का म्हणाली.

"आता काय?"

बाहेर जुलै तापायला लागला होता. रात्का निवांत मागे रेलली आणि रंग मारून कायमच्या चिकटवून टाकलेल्या खिडक्यांकडे तिने बोट केलं.

"बसायचं झालं. आता श्वास घ्यायचं बघू या."