चिमीची बाटली

चिमी मागच्या दाराने पुष्पलताबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा तिथे कामाला असलेली तिची आय, जमना, ओट्यापाशी उभी राहून बाटली भरत होती.

पातेल्यात आरारुटाची खळ होती. ती घातलेल्या बाईंच्या सुती साड्या बाहेर दोरीवर ताठ वाळत होत्या. उरलेली खळ जमना चमच्या-चमच्याने नारिंगी बाटलीत ओतत होती. मग तिने वर गुलाबपाण्याचे चार थेंब टाकले, झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली जोरात हलवली.

बाटलीवर इंग्रजी अक्षरं होती. चिमीला ती वाचता येत नव्हती, पण ओळखता येत होती.

"आये, ही तर माजी बाटली!"

जमना दचकली. "तुला बाहेर थांब बोलले होते ना?"

एप्रिलात पुष्पलताबाईंच्या चिंतूचं नाक आणि खांदे उन्हाने असे भाजले, की कातडीची सालं निघाली. मग बाईंच्या भावाने कुवेतहून उन्हाचं क्रीम पाठवलं. पण बाटली दिसली की चिंतू आणि त्याची धाकटी बहीण बेबी घरभर पळत सुटायची. चिकट लागतं, डोळ्यांत जातं, नको म्हणजे नको. दर रविवारी समुद्रावर जायच्या आधी धरपकड, धपाटे आणि रडारड. दोन बाया त्यापायीच काम सोडून गेल्या होत्या. तिसरी जमना. ती बाईंना म्हणाली होती, "माजी चिमी आणते. तिला पुढं बसवून लावू. तिचं बघून ही लावून घेतील."

आणि तसंच झालं. चटईवर आधी चिमी बसायची, डोळे मिटून तोंड वर करायची. तिच्या गालांवरून आयची बोटं फिरायची. मग चिंतू, मग बेबी. हूं की चूं नाही. चिमीची बाटलीसुद्धा वेगळी ठेवली होती. पाड्यावर चिमी सगळ्यांना सांगायची, कुवेतचं औषध लावतात मला. तोंडावर ते वाळलं की कातडी ताणली जायची. शेजारच्या तानीला ती म्हणायची, "बघ, लागतंय औषध." तानीने बोट पुढे केलं की मागे सरायची. रविवारी संध्याकाळी तोंडही धुवायची नाही.

आता ती पातेल्यात बघत होती.

"पयल्यापासून खळच होती?"

"पयल्या दिवशी खरं होतं. बोटभर." जमनाने आवाज खाली आणला. "मग बाई बोलल्या, चिमीला काय गरज? तुमची कातडी उन्हातलीच. खरं हाय ते. इथं मिळत नाय ते क्रीम, महाग असतं पोरी."

"खळ घालायला बाईंनी सांगितलं?"

जमनाने नळ सोडला आणि पातेलं घासायला घेतलं.

चिमी तिथेच उभी राहिली. पुष्पलताबाईंना खळ कशी करतात तेही ठाऊक नव्हतं, हे तिला माहीत होतं.

"जमना, झालं का?" आतून बाईंचा आवाज आला. "ऊन चढायच्या आत निघू या."

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली चटई पसरली. ओहोटी लागली होती. चिंतू आणि बेबी दोन हात लांब उभी होती, नेहमीसारखी पळायच्या तयारीत. चिमी चटईवर बसली. जमना तिच्यासमोर उकिडवी बसली आणि नारिंगी बाटलीचं झाकण काढलं.

"चिमी," चिंतूने विचारलं, "आज डोळ्यांत गेलं तर?"

एक शब्द पुरला असता. दोघं भावंडं वाळूवरून पार पाण्यापर्यंत धावली असती, आणि मग ती कुणाच्या हाती लागली नसती. जमनाचा हात हवेतच थांबला. गुलाबाचा वास येत होता.

"नाय जात," चिमी म्हणाली. "तू डोळे घट्ट मिट."

चिंतू लगेच तिच्या शेजारी येऊन बसला, मांडी घालून. त्याने डोळे मिटून तोंड वर केलं. बेबी त्याला चिकटून बसली.

"किती गुणाची आहे गं तुझी मुलगी!" पुष्पलताबाई म्हणाल्या आणि दुसरी बाटली काढून चिंतूच्या नाकाला क्रीम लावू लागल्या.

चिमीने मात्र त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. आयची बोटं कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून फिरत राहिली आणि ती आयच्या तोंडाकडे बघत राहिली. जमना फक्त आपल्या बोटांकडे बघत होती. खळ चिमीच्या एका डोळ्यात गेली. तिने डोळा चोळला नाही.

दुपारी काम आटोपून मायलेकी घरी निघाल्या. बाईंच्या कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या नळावर जमनाने पदराचं टोक भिजवलं. "ये, तोंड पुसते तुजं."

चिमीने ओंजळीत पाणी घेतलं, स्वतःच तोंड खसाखसा धुतलं आणि फ्रॉकने पुसलं.

पाड्याचा रस्ता तापला होता. एरवी आयचं बोट धरणारी चिमी चार पावलं पुढे चालत होती. बरंच अंतर गेल्यावर जमनाने मागून विचारलं, "पुढल्या रविवारी येशील ना गं? तू नाय आलीस तर पोरं ऐकणार नायत. मग बाई मला कशाला ठेवतील?"

"येईन."

जमनाने श्वास सोडला. पाय उचलून ती लेकीच्या बरोबरीला आली.

"पण ती खळ मला तू लावू नको," चिमी पुढे बघत म्हणाली. "बाईंनाच लावू दे."