हरलेली डिस्क

“मशीन ठेवतो आन् निघतो,” कडुबा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

सुलेखानं दार पूर्ण उघडलं. धाकटा दीर कित्येक वर्षांनी छावणी भागातल्या या घरी आला होता. आत तिचा नवरा गोकुळ टीव्हीसमोर बसला होता. त्यानं भावाकडं पाहिलं नाही. त्याच्या हातातल्या डिस्क लावायच्या काळ्या मशीनकडं पाहिलं.

भांडण डिस्कवरून झालं होतं. दोघा भावांचं छावणीत सीडी-डीव्हीडीचं दुकान होतं. तेव्हा लखलखीत चित्राच्या दोन नव्या डिस्क आल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीची ब्लू-रे. दिसायला सारख्याच, पण एकीच्या मशीनवर दुसरी चालत नसे. सिनेमा कंपन्या दोन बाजूंना वाटल्या गेल्या, तसे हे दोघेही. गोकुळ म्हणे एचडी, कडुबा म्हणे ब्लू-रे. शब्दाला शब्द वाढला आणि दुकान फुटलं. मग तोशिबानं माघार घेतली. गोकुळचा सगळा माल भंगार झाला, आणि कडुबा भर बाजारात त्याला हसला. त्या दिवसापासून बोलणं बंद. कडुबा सिल्लोडला निघून गेला. पुढं लोक मोबाईलवर सिनेमे बघू लागले, तशी ब्लू-रेलाही इकडं कुणी विचारेना.

गोकुळकडं एकच डिस्क उरली होती. तिच्यात त्यांची माय होती, लक्ष्मीबाई. दुकान फुटायच्या आधी गावाकडं, पिशोरच्या घरी भाड्याच्या कॅमेऱ्यानं घेतलेली. मायचं हलतं-बोलतं चित्र जगात तेवढंच. पण डिस्क एचडी डीव्हीडीची, आणि गोकुळचं मशीन केव्हाच बंद पडलेलं.

माय गेली त्यानंतर गोकुळला मुलगी झाली, संस्कृती. जो तो म्हणे, अगदी आजीवर गेली. कधी न पाहिलेल्या काकाला फोन तिनंच केला होता. कडुबानं जुन्या बाजारातून एचडीचं मशीन हुडकलं आणि स्वतः दुरुस्त केलं.

मशीन टीव्हीला जोडायला कडुबाला आत यावंच लागलं. डिस्क आत गेली. नुसती घरघर झाली. पडदा काळाच.

“नाय चालत,” गोकुळ पुटपुटला. “खराब झाली असंल.”

कडुबानं डिस्क बाहेर काढली, सदऱ्याच्या टोकानं हलकेच पुसली, पुन्हा आत सारली.

“दम धर, दादा.”

आणि माय आली.

ओट्यावर बसून ती सुपात तूर पाखडत होती. उन्हात उडणाऱ्या भुशाचा कण न् कण दिसत होता. हनुवटीवरचं हिरवं गोंदण दिसत होतं. कपाळावरची एक पांढरी बट वाऱ्यानं हलत होती. सुलेखानं पदर तोंडाला लावला. आपलीच हनुवटी संस्कृतीला पडद्यावर दिसली, आणि ती नकळत दोन पावलं पुढं गेली.

“काढा ना रं फोटो लवकर,” माय म्हणाली. तोच आवाज, किंचित घोगरा. “हलू का नको? किती येळ बसवता उन्हात?”

गोकुळ बसल्या जागी पुढं सरकला. कडुबा मशीनजवळ गुडघे टेकून बसला होता, तो तसाच राहिला.

चित्र हळूहळू मायच्या चेहऱ्याजवळ गेलं. सुरकुत्या, पापण्या, चष्म्याच्या काचा. काचांनी सगळा पडदा भरून गेला.

“थांबवा, काका!” संस्कृती ओरडली. “आजीच्या चष्म्यात कुणीतरी आहे.”

कडुबानं चित्र थांबवलं.

काचेत पिशोरचं अंगण होतं, आभाळ होतं. आणि मधोमध दोन तरुण. एकच कॅमेरा दोघांनी चार हातांनी धरलेला. गालाला गाल लागलेले. दोघंही हसत होते.

“बाबा, कोण आहेत हे?”

कडुबानं वळून भावाकडं पाहिलं.

“आम्ही,” गोकुळ म्हणाला.