साडेआठशे लिटर

पाणी अर्ध्यावर आलं तरी स्टँड हूं की चूं करत नव्हता. लेक लाकडाला कान लावून फरशीवर बसली होती. काचेची टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. भरली की साडेआठशे लिटर पाणी, वर वाळू आणि दगड वेगळेच. एवढा सगळा भार बाबांनी घरी केलेल्या लाकडी स्टँडवर. तिला एकाच वेळी आनंदही होत होता आणि भीतीही वाटत होती. बाबा मात्र दर पाच मिनिटांनी उठायचे, काचेच्या कडेवर पाणसळ ठेवायचे, तिच्यातला बुडबुडा मधोमध आहे ना ते पाहायचे आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचे.

कोपऱ्यातल्या टबात तीन ऑस्कर मासे खोळंबले होते. ऑस्कर म्हणजे सिक्लिड जातीच्या माशांमधले दांडगोबा. वीतभराहून मोठे, आणि रुसायला यांना कारण लागत नाही. तुम्ही हौसेने मांडलेले दगड हे रातोरात आपल्या मनाने मांडतात. त्यातल्या थोरल्याचं नाव फौजदार. आतापर्यंतच्या छोट्या टाकीत त्याला नुसतं वळायचं म्हटलं तरी शेपूट काचेवर आपटायची.

तीन महिन्यांपूर्वी सासर कायमचं सोडून ती आली, तेव्हा बरोबर दोन बॅगा आणि हे तीन मासे एवढंच होतं. "थोडे दिवस राहते, बाबा," ती दारातच म्हणाली होती. बाबा म्हणाले, "बरं." पुढे एकदा ती म्हणाली, की महिनाअखेरीस कुठेतरी खोली बघते. त्यावरही बाबांचं "बरं"च. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, शब्दसुद्धा मोजूनमापून वापरायचा. पण त्या 'बरं'चा अर्थ राहा असा घ्यायचा की जा असा, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं. स्पष्ट विचारायचं धाडस होत नव्हतं. 'जा' ऐकावं लागलं तर? त्यापेक्षा आपणच आधी बोललेलं बरं, म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटायची, मी काय, सध्यापुरतीच आलेय.

स्टँडचं खूळ मात्र बाबांचंच. एके सकाळी ते फौजदाराची वळण्याची कसरत बराच वेळ बघत उभे राहिले. मग "याला जागा कमी पडतेय" एवढंच बोलून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. तिने आपलं सुचवलं होतं, की नटबोल्टचा करा, सुटा करून नेता येईल. ओलीने नटबोल्ट गंजतात, बाबा म्हणाले, आणि विषय संपला. खाचेत खाच बसवून, सरस लावून, याच खोलीत त्यांनी तो उभा केला. तीन आठवडे बाप रंधा मारत होता आणि लेक पॉलिशपेपर घासत होती. केसांत, चहात, अंथरुणात, जिथे तिथे भुसा. इतकी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती, आणि हे आपलं आपल्यालाच कळलं तेव्हा तिला रडू आलं होतं.

टाकी काठोकाठ भरली. बुडबुडा जागचा हलला नाही. "सोड," बाबा म्हणाले.

तिने फौजदाराला दोन्ही हातांनी अलगद जाळ्यात घेतलं आणि पाण्यात सोडलं. तो तळाशी गेला आणि रुसून एका अंगावर आडवाच पडला. तिचा जीव टांगणीला लागला. मग त्याने एक डोळा फिरवला, सरळ झाला, आणि जो सुटला तो थेट सहा फूट, त्या टोकापर्यंत. तिथे ऐटीत वळला आणि परत आला. शेपूट कुठेही आपटली नाही. ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. टाकी घेऊन आलेला काचवाला आणि त्याची तीन माणसंही चहा विसरून बघत राहिली.

काचवाल्याची नजर स्टँडवरून दाराकडे गेली आणि तो हसायला लागला. "मिस्त्री, टाकी दोनच फूट उंच, ती आम्ही कडेवर उभी करून आत घेतली. पण हा स्टँड बाहेर कसा जायचा? उंची तीन फूट, रुंदी अडीच. दार तर सव्वादोन फुटांचं."

त्याची माणसंही हसली. चाळीस वर्षांच्या मिस्त्रीने दारच मोजलं नाही, म्हणजे कमालच झाली. बाबांनी पाणसळ उचलून पुन्हा काचेच्या कडेवर ठेवली. हसू ओसरलं, कप रिकामे झाले आणि मंडळी गेली.

तिला मात्र हसू आलं नव्हतं. स्टँडचं काय, कापता आला असता. पण नुसत्या नजरेने सुताचा फरक सांगणाऱ्या बाबांचं माप चुकलं होतं. बाबा म्हातारे झाले, आणि आपण आपल्याच दुःखात एवढ्या गुंग, की ते दिसलंही नाही. आणि आता यांना असं एकटं टाकून आपण खोली बघायला निघालो आहोत.

तिने आवाज शक्य तितका हलका ठेवला. "दार मोजायचं राहून गेलं ना, बाबा? असू दे. होतं असं."

बाबांनी काचेवरचा एक ओघळ बाहीने पुसला.

"पहिलं माप दाराचंच घेतलं होतं," ते म्हणाले. "त्याच्यावर तीन इंच जास्त धरले."