तिसरा प्रश्न

अक्रोड. उलटे पाढे. डाव्या हाताने दात घासणे.

रोज सकाळी बाबांचा असा एखादा लेख यायचा, आणि लेक घरच्या ग्रुपवर त्याची सालं काढायची.

"बाबा, लेखकाचं नाव नाही, पुरावा शून्य. नापास!"

काका हसून लोळणारे चेहरे टाकायचे. बाबा लिहायचे, "बरोबर आहे, बाईसाहेब."

बाईसाहेब कॉलेजात चिकित्सक वाचन शिकवायच्या. माहितीच्या कुठल्याही मजकुराला तीन प्रश्न विचारा, असं त्या मुलांच्या मनावर बिंबवायच्या: कोणी लिहिलं, पुरावा काय, आणि हे आत्ता माझ्यापुढे का आलं?

काल बाबांच्या न्हाव्याचा फोन आला. "ताई, बाबा मघाशी दाढी करून गेले, ते परत आलेत. घर कुठल्या गल्लीत, विचारतायत."

रिक्षात तिने सगळे लेख पुन्हा उघडले. विषय एकच होता: स्मरणशक्ती कशी टिकवावी. तिसरा प्रश्न तिने एकदाही विचारला नव्हता. दुकानात बाबा तिला बघून ओशाळं हसले, आणि तिला मान वर करवेना.



बाबांनी एकही लेख ग्रुपवर टाकला नव्हता. ते फक्त तिला पाठवत होते.